पुठ्ठ्यावरची शेवटची ओळ

राघोचा फोन आला तेव्हा भिकन बोरसे टेबलावर साडीची घडी घालत होता. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या मिलमध्ये दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कुणाला मान वर करायला फुरसत नसते. छापून आलेली साडी पसरायची, डाग बघायचा, घडी पाडायची, आत पुठ्ठा सरकवायचा, पिशवीत घालायची. बावीस वर्षं भिकन हेच करत होता. हाताला डोक्याची गरज उरली नव्हती, म्हणून खांद्यानं कानाशी फोन दाबून तो बोलू शकत होता.

राघो म्हणजे गावचा पोलीस पाटील. गाव धुळे जिल्ह्यात, दोंडाईचापासून आत अकरा किलोमीटर. भिकनला गाव सोडून बावीस वर्षं झाली होती, पण राघो त्याच्या बरोबरीचा, एका वर्गातला.

"भिकन भो, तुना पोऱ्यानी चौकशी येल शे," राघो म्हणाला. "सरकारी नोकरीनी. शनवारले हवालदार येणार शे. आठे ऱ्हास अशे सांगू का नई?"

पोरगा इथं राहतो असं सांगू की नको, एवढंच राघोला विचारायचं होतं.

भिकनचे हात थांबले. बावीस वर्षांत कामावर त्याचे हात दोनदा थांबले होते. पहिल्यांदा चौदा महिन्यांपूर्वी, दवाखान्यातून बायकोचा, भागीरथीचा निरोप आला तेव्हा.

"संध्याकाळी सांगतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पुढची साडी त्यानं उलट्या बाजूनं घडी केली. शेजारच्या बाईनं ती उलगडली आणि परत घातली.

भिकनचा एकुलता एक मुलगा ललित, वय वीस. त्याच्याकडे दोन नोकऱ्या एकदम चालून आल्या होत्या. लिंबायतमधल्या त्यांच्या गल्लीत एक सरकारी नोकरी लागली तरी पेढे वाटतात. इथं दोन लागल्या आणि भिकनची झोप उडाली. एक फौजेतली, अग्निवीरची. एक नोव्हेंबरला ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचं होतं. दुसरी फौजेच्याच सामानाच्या डेपोतली, पण वर्दी नसलेली. तंबू, बूट, सतरंज्या, पेट्या उचलायच्या आणि लावायच्या. तिथं अजून बोलावणं नव्हतं, फक्त निवड झाल्याचं पत्र होतं.

कुठली घ्यायची, हे ललित सांगत नव्हता. विचारलं की "बघू पप्पा" म्हणायचा आणि पळायला निघून जायचा.

त्याला पळायला भागीरथीनं लावलं होतं. साडेचारला उठवायची, भिजवलेले चणे हातावर ठेवायची आणि दार उघडून उभी राहायची. पोरगं वर्दीत दिसलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. मग तिला कावीळ झाली आणि अंगात उतरली. भिकन ठेकेदाराच्या हजेरीवर होता, त्यामुळे विम्याच्या दवाखान्याचं कार्ड नव्हतं. खाजगीत नेलं तोवर उशीर झाला. त्या नऊ दिवसांत भिकननं एक गोष्ट मनाशी पक्की केली. पोराला अशी नोकरी पाहिजे की घरातलं माणूस आजारी पडलं तर दवाखान्याच्या दारात कुणी 'आधी किती भरता' असं विचारणार नाही.

दोन्ही नोकऱ्यांत ते होतं. म्हणूनच निवड करणं अवघड होऊन बसलं होतं.

त्याच्या आदल्या रविवारी सकाळी त्यानं दोघांना ओट्यावर बोलावलं होतं. एक वसंतराव, केंद्र सरकारच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, गोडादऱ्याला सोसायटीत राहणारे. दुसरा गोपाल, सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार होऊन परतलेला आणि आता रिंगरोडच्या कापड मार्केटच्या गेटवर बसणारा. भिकननं मिलमधला एक पुठ्ठा आणला होता. मध्ये उभी रेघ मारून एका बाजूला 'वर्दी' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'डेपो'.

"पहिल्यांदा पगार," भिकन म्हणाला.

"अग्निवीरला पहिल्या वर्षी तीस," गोपाल म्हणाला. "हातात एकवीस. नऊ हजार कापतात, तेवढेच सरकार टाकतं. चार वर्षांनी गठ्ठा मिळतो."

"डेपोला बेसिक अठरा," वसंतराव म्हणाले. "त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, प्रवास. कापून-कुपून हातात तीसच्या आसपास पडतील. आणि आठवा आयोग येतोय."

"काका, तुमचा आयोग येतोच आहे. मी भरती झालो तेव्हापासून कुठला ना कुठला येतोय."

"तुझ्याही पेन्शनीत आलाच की तो. घेतलास ना मुकाट्यानं?"

गोपाल हसला. "घेतला. पण काका, फौजेत खायला-प्यायला पैसा लागत नाही. कपडे फुकट, दवाखाना फुकट, रेल्वेचा वारंट, म्हणजे प्रवासही फुकट. एकवीस हजारातले वीस हजार घरी येतात. तुमचा माणूस तीस हजारात भाडं भरतो, दूध आणतो, पेट्रोल टाकतो आणि महिनाअखेरीला साहेबाकडे ॲडव्हान्स मागतो."

"आणि संध्याकाळी साडेपाचला घरी येतो," वसंतराव म्हणाले. "बायकोच्या हातचं जेवतो. साठ वर्षांपर्यंत."

भिकन दोन्ही बाजू लिहीत होता. अक्षर मोठं, ओळी वाकड्या. सुट्ट्या लिहिल्या, घर लिहिलं, दवाखाना लिहिला. मग 'पेन्शन' लिहिलं.

गोपालनं इथं मान खाली घातली. "माझं वेगळं होतं भाऊ. मला अडतिसाव्या वर्षी पेन्शन सुरू झालं. आता चार वर्षांनी चारातला एक ठेवतात, तीन घरी. घरी पाठवले त्यांना पेन्शन नाही. ललित हुशार आहे, राहीलही. पण मी शब्द देत नाही."

"डेपोला आहे," वसंतराव म्हणाले. "पहिल्यासारखं नाही, पण आहे. आणि माणूस मध्येच गेला तर मागच्याला पेन्शन."

पुठ्ठ्यावर एक ओळ उरली होती. भिकननं ती लिहिली नाही, पण विचारलं. "फौजेत तसं झालं तर?"

गोपालनं पुठ्ठ्यावरची ती रिकामी जागा बघितली. त्यानं सतरा वर्षांतली दहा डोंगरावर काढली होती. "अठ्ठेचाळीस लाखांचा विमा," तो म्हणाला. "ड्युटीवर गेला तर वर चव्वेचाळीस. शिवाय उरलेल्या वर्षांचा पगार. कोटीच्या घरात जातं."

"कोटी," भिकन म्हणाला.

"हो."

पुठ्ठ्यावरच्या बाकीच्या ओळींत कधी डेपो थोडा पुढं होता, कधी वर्दी. या एकाच ओळीत वर्दी इतकी पुढं गेली होती की तिच्याशी तुलनाच नव्हती. भागीरथीसाठी दवाखान्यात त्याच्याकडे चाळीस हजार मागितले होते आणि ते जमवताना तिचा जीव गेला होता. इथं कुणीतरी त्याच्या पोराच्या जिवाची आधीच किंमत करून ठेवली होती आणि ती किंमत भिकनला मिळायची होती. त्यानं पुठ्ठा उलटा करून खाली ठेवला.

मे महिन्यात युद्धाच्या बातम्या होत्या तेव्हा शहरात भोंगे वाजवून बत्त्या घालवायची तालीम झाली होती. सगळी गल्ली हसत-खिदळत गच्चीवर गेली होती. भिकन तेव्हा घरात खाटेवर बसून होता आणि ललितचे पळायचे बूट त्यानं मांडीवर घेतले होते. का घेतले, हे त्याला सांगता आलं नसतं.

पोराला 'जाऊ नको' म्हणायची त्याची हिंमत नव्हती. पोरानं ऐकलं असतं, हीच भीती. ऐकलं असतं आणि आयुष्यभर बापाकडे बघताना ते त्याच्या डोळ्यात राहिलं असतं. शिवाय दार उघडून उभी राहणारी भागीरथी होती. ती गेल्यावर तिचं दार बंद करणारा आपण कोण, असं त्याला वाटायचं.

आणि आता राघोनं न मागता एक वाट दाखवली होती.

भिकनच्या डोक्यात एक गणित पक्कं होतं. पोलीस चौकशी फौजेचीच असणार. बंदूक हातात द्यायची तर माणूस कोण, कुठला, हे बघतीलच. पेट्या उचलणाऱ्याची कोण चौकशी करतं? तो स्वतः मिलमध्ये लागला तेव्हा ठेकेदारानं एवढंच विचारलं होतं की कुठला. तो म्हणाला खानदेश. ठेकेदार म्हणाला, उद्यापासून ये. बावीस वर्षांत मिलमधल्या एकाही माणसाच्या घरी कुणी चौकशीला गेलेलं त्यानं बघितलं नव्हतं. मग कुठल्या नोकरीची चौकशी, हे त्यानं राघोला विचारलंच नाही. विचारायची गरज वाटली नाही.

संध्याकाळी मिलच्या गेटबाहेर, रिक्षांच्या गर्दीत उभं राहून त्यानं फोन लावला.

"सांग, तो आठे ऱ्हास नई," तो म्हणाला.

राघो गडबडला. "अरे, सगळे सांगतस ऱ्हास. गावना आर्धा पोऱ्या सुरतले शेतस. मी सगळासले रहिवासी लिखी देस."

"खोटं कशाले बोलतस? तो ऱ्हास का तठे?"

"नई."

"मंग झालं."

फोन ठेवल्यावर त्याला आधी हलकं वाटलं. आपण काही खोटं बोललो नाही. पोरगा गावी राहत नाही, हे खरंच आहे. फौजेचा कागद परत जाईल, पोरगा दोन दिवस रुसेल, मग डेपोचं बोलावणं येईल. साडेपाचला घरी येणारा माणूस. दिवाळीला, होळीला, बापाला ताप आला तर. भिकननं त्या दिवशी चालत घरी जाता-जाता अर्धा किलो जिलेबी घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं जेवायला बसले. ललित खिचडीवर तेल घेत होता. सहज बोलल्यासारखा तो म्हणाला, "पप्पा, राघोकाकाचा फोन आला होता का? या आठवड्यात चौकशी येईल."

"कसली?"

"डेपोची. नोकरीआधी पोलीस रिपोर्ट लागतो. तो आला की लगेच ऑर्डर."

भिकनचा घास हातात राहिला. "आणि फौजेची?"

"तिचा चालचलणुकीचा दाखला मी ऑगस्टमध्येच आणला ना, काकाच्या सहीचा. तो झाला." ललितनं पाणी प्यायलं. "काकाला एवढंच म्हणायचंय, पोरगा इथलाच. मी फॉर्ममध्ये दोन्हीकडे गावचाच पत्ता टाकलाय. कायमचा पण आणि सध्याचा पण."

"सध्याचा गावचा कशाला?"

"तुम्हीच तर सांगता. कागदावर गाव, पोटाला सुरत."

ते भिकनचंच वाक्य होतं. जातीचा दाखला गावचा, रेशन गावचं, मतदान गावचं. लिंबायतच्या गल्लीत सगळ्यांचं तसंच होतं. सुरतेत पंचवीस वर्षं काढलेला माणूसही फॉर्मवर गावच टाकायचा. सुरतेच्या खोलीचा पत्ता घरमालक बदलला की बदलतो, गाव बदलत नाही. सगळ्यांचं निभावून जात होतं, कारण राघोसारखे लोक 'राहतो' असं लिहून देत होते.

"आणि नाही म्हणाला तर? राहत नाही म्हणाला तर?"

"कशाला म्हणेल?" ललित हसला. "मग मी फॉर्ममध्ये खोटं लिहिलं असं होईल ना. वर ठळक छापलंय, खोटी माहिती दिली तर नोकरी रद्द. पप्पा, जेवा ना."

भिकन जेवला. काय जेवला ते त्याला कळलं नाही. मोरीवर हात धुवायला गेला आणि तिथूनच राघोला फोन लावला. लागला नाही. कापूस वेचणीचे दिवस, राघो शेतात राहायला गेला की फोनला रेंज नसायची. भिकननं सात वेळा लावला. आठव्यांदा फोनमधली ती बाई तेच बोलायला लागली तसा त्यानं फोन बंद केला.

शनिवारी पहाटेच तो उधना स्टेशनवर होता. ललितला सांगितलं, मिलमध्ये ओव्हरटाइम आहे. मिलमध्ये सांगितलं, गावी मयत आहे. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत दिवाळीच्या सामानासह माणसं दारापर्यंत होती. बारडोली गेलं, व्यारा गेलं. नवापूरला गाडी पाऊण तास उभी राहिली. समोरच्या बाईनं विचारलं, "भाऊ, तब्येत बरी नाही का?" भिकन म्हणाला, बरी आहे. त्याच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. हवालदार सकाळी निघेल का दुपारी. शनिवार आहे, माणूस आधी घरचं उरकेल. मोटरसायकल पंक्चर होऊ शकते. नंदुरबार येईपर्यंत त्यानं त्या अनोळखी हवालदाराला ताप आणला, त्याच्या साहेबाला बोलावून घेतलं, रस्त्यावर ट्रक आडवा केला.

दोंडाईचाहून जीपनं गावात पोचला तेव्हा साडेबारा झाले होते. राघो ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. त्याच्या बाजूला दोन रिकामे चहाचे कप होते.

भिकननं ते कप बघितले आणि पायरीवरच बसला.

"येल व्हता," राघो म्हणाला. "गया."

"काय सांगितलं?"

"तू म्हनना तेच. ऱ्हास नई. सुरतले बापजोडे ऱ्हास. पोऱ्या गुणी शे, तेबी सांगं." राघोनं त्याच्याकडे नीट बघितलं. "काय व्हयनं रे?"

भिकननं सांगितलं. राघोनं सगळं ऐकेपर्यंत एकही शेंग फोडली नाही. मग तो उठला आणि हवालदाराला फोन लावला, स्पीकरवर. तो बिचारा चांगला माणूस निघाला. म्हणाला, काका, मी एकच ओळ लिहिली, दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. वाईट काहीच लिहिलं नाही. वाटेतच स्टेशनला देऊन टाकलं, साहेबांनी सही करून वर पाठवलंय. आता तिकडून विचारणा येईल. मग मुलानं खुलासा करायचा, सुरतेचा पत्ता द्यायचा, सुरत पोलीस चौकशी करतील.

"किती दिवस?" भिकननं विचारलं.

"दोन महिने. चार पण लागतात. मानलं तर मानतील, नाही मानलं तर..." हवालदार थांबला. "काका, पण राहत नाही असं सांगायची गरज काय होती? सगळे राहतोच सांगतात."

परतीच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली. त्यानं बाहेर बघितलं नाही.

रविवारी सकाळी ललित पळून आला आणि ओट्यावर बूट काढत बसला. भिकन त्याच्या शेजारी बसला आणि आधीपासून सगळं सांगितलं. राघोचा फोन, गेटबाहेरचं बोलणं, जिलेबी, उधन्याची गाडी, दोन कप. मध्ये कुठं थांबला नाही, कारण थांबला असता तर परत सुरू करता आलं नसतं.

ललित बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होता. बराच वेळ गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"मी डेपोचंच ठरवलं होतं," तो म्हणाला.

भिकननं वर बघितलं.

"मम्मी गेली तेव्हाच. तुम्हाला एकटं सोडून कुठं जाणार होतो मी? पण तुम्ही तो पुठ्ठा लिहीत बसला होता तेव्हा वाटलं, तुम्हाला मी वर्दीत पाहिजे असेन. मम्मीसारखं. म्हणून बोललो नाही. म्हटलं, ऑर्डर हातात आली की सांगू."

"मग अजूनही डेपोच म्हण. थांब दोन महिने. मी साहेबाच्या पाया पडतो, चूक माझी म्हणतो."

"आणि नाही मानलं तर?" ललितचा आवाज चढला नाही. चढला असता तर भिकनला बरं वाटलं असतं. "एक तारीख गेली की फौज गेली. मग तुमच्या शेजारी टेबलावर उभा राहू? ठेकेदाराच्या हजेरीवर?"

भिकनला 'हो' म्हणायचं होतं. शेजारी उभा राहा, डाग बघ, घडी घाल, डोळ्यासमोर राहा. तोंड उघडलं, आणि दवाखान्याचा तो काउंटर समोर आला, चाळीस हजार मागणारा. तोंड मिटलं.

गोपाल त्या दिवशी संध्याकाळी आला तोवर ललितनं एक तारखेला फौजेत हजर व्हायचं ठरवलं होतं. वसंतरावांनीही खुलाशाचा अर्ज लिहून दिला, पण त्याचा भरवसा त्यांनाही वाटत नव्हता. गोपाल ललितला म्हणाला, "गेलास की मधून सोडता येत नाही, हे डोक्यात ठेव. चार वर्षं म्हणजे चार वर्षं." ललित म्हणाला, ठेवलंय.

दिवाळी झाली. लिंबायतमध्ये सगळ्यांनी फटाके वाजवले. प्रत्येक आवाजाला भिकन दाराकडे बघायचा.

एकोणतीस तारखेला दुपारी ललित कागद घेऊन बसला. सोबत न्यायच्या कागदांची यादी गोपालनं दिली होती, जे भरता येईल ते घरूनच भरून ने म्हणाला होता. भिकन त्याचे कपडे घडी करत होता. चार बनियन, दोन पँटी, टॉवेल. मिलमधल्यासारखी घडी, कडा कडेला, सुरकुती नाही. हात आपसूक चालत होते.

"पप्पा, पासबुक द्या."

"कशाला?"

"विम्याला वारस लिहायचाय. बँकेत आहे तसंच नाव पाहिजे. एकही अक्षर चुकता कामा नये."

भिकननं ट्रंकेतून पासबुक काढलं. ललितनं ते बाजूला उघडून ठेवलं. कागदावर आधी आईचं नाव होतं, त्यासमोर त्यानं 'मयत' लिहिलं. मग खाली, बघून-बघून, एकेक अक्षर सुटं करून लिहायला घेतलं.

"भिकन दगा बोरसे. नातं, वडील. हिस्सा..." तो थांबला. "शंभर टक्के लिहू ना? दुसरं कुणी नाही."

भिकनच्या हातात टॉवेल होता. ती शेवटची ओळ त्यानं पुठ्ठ्यावर रिकामी ठेवली होती. तिथं आता त्याचंच नाव भरलं जात होतं, पोराच्या चांगल्या अक्षरात.

"लिही," तो म्हणाला.

ललितनं कागद त्याच्याकडे सरकवला. "इथं सही."

भिकन सही करायला बसला. वरचं नाव त्यानं पासबुकाशी ताडून बघितलं, एकदा, दोनदा. कुठं तरी एखादं अक्षर चुकलेलं असावं, म्हणजे हा कागद फाडता येईल, असं त्याला वाटत होतं. सगळं बरोबर होतं.